पोर्टो: वाईन नदीपलीकडे, बाग नदीच्या वरच्या अंगाला

पोर्तुगालमधल्या पोर्टोहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, वाईन प्यायलीस का, कोणती प्यायलीस, स्वस्त मिळते का. प्यायले, मनापासून चाखली, त्याबद्दल सांगतेच पुढे. पण माझं मुख्य सांगणं वेगळं आहे. पोर्टोला जाऊन नुसती सेलरची, म्हणजे वाईन मुरवायच्या गोदामांची, टूर करून परत आलात तर अर्धीच गोष्ट बघितली असं होईल, आणि ती पण शेवटाकडची अर्धी.

म्हणजे बघा, नाव पोर्टोचं, पण पोर्ट वाईनची द्राक्षं पोर्टोत पिकत नाहीत. ती पिकतात पोर्टोवरूनच वाहणाऱ्या डोरो नदीच्या खोऱ्यात, शहरापासून साधारण शंभर किलोमीटर आत, पूर्वेला. वाईन तिकडेच बनते. मग ती खाली आणून मुरवतात, आणि तीसुद्धा पोर्टोत नाही, समोरच्या काठावर व्हिला नोव्हा द गाया म्हणून गाव आहे तिथे. नगरपालिका पण वेगळी त्यांची. पोर्टो हे बंदर, इथून माल बाहेर गेला आणि बाटलीवर बंदराचं नाव लागलं. मी नाशिकची, आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, दादा बघतो ती, घरात जेवताना पण डावणी, भुरी हे द्राक्षाचे रोग आणि दर याच्याशिवाय विषय नसतो, त्यामुळे मला सेलरपेक्षा बाग बघायची जास्त घाई होती. तरी शहराबद्दल आधी सांगते, कारण शहर खरंच फार आवडलं.

पोर्टो हे चढउताराचं शहर आहे. सपाट रस्ता असा नाहीच, सगळ्या दगडी पायऱ्या, अरुंद गल्ल्या, वरती बाल्कन्यांमधून वाळत घातलेले कपडे, आणि कुठूनही खाली उतरत गेलात की शेवटी नदीच. नदीकाठचा जुना भाग म्हणजे रिबेरा. लाल पिवळी निळी उंच चिंचोळी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, काहींना पुढून टाइल्स लावलेल्या, काहींचा रंग पार उडालेला. हा सगळा जुना भाग १९९६ साली युनेस्कोच्या यादीत गेला. आता खाली सगळी हॉटेलं आणि टुरिस्ट झालेत हे खरंय, पण मागच्या गल्लीत शिरलं की अजून म्हाताऱ्या बायका खिडकीत बसून खालच्या बाईशी मोठ्यांदा गप्पा मारताना दिसतात.

रिबेरात भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, १९०९ च्या पुराची बघून मी मान वर करून उभीच राहिले. आमच्याकडे गोदावरीला पाणी आलं की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं त्यावर पूर मोजतात, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, तसं यांचं या भिंतींवर. नदीकाठच्या माणसांना नदीचा लळा पण असतो आणि धाक पण, हे तिकडेही अगदी तसंच आहे.

तिथून थोडं पुढे, पुलाजवळ भिंतीत एक ब्राँझचं शिल्प आहे, बरेच लोक फोटो न काढता तसेच पुढे जातात. २९ मार्च १८०९ ला नेपोलियनचं सैन्य मार्शल सूल्टच्या हाताखाली पोर्टोत घुसलं, लोक जीव घेऊन नदीकडे पळाले, तेव्हा पक्का पूल नव्हता, बोटी एकमेकींना बांधून वर फळ्या टाकून केलेला पूल होता, आणि एवढ्या गर्दीत तो तुटला. हजारो माणसं बुडाली. शिल्पात तेच दाखवलंय, पाण्यात धडपडणारी माणसं, पोरांना वर धरलेल्या आया. खाली मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, ताज्या. मी होते तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक बाई आली, पिशवी खाली ठेवली, मेणबत्ती लावली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि पिशवी उचलून गेली. दोनशे वर्षं होऊन गेली त्याला. मला तिथून हलवेना.

आता त्या जागी जो लोखंडी पूल आहे तो डॉम लुईस पूल, १८८६ चा. बरेच जण सांगतात पॅरिसच्या टॉवरवाल्या आयफेलने बांधला, पण तसं नाहीये, तो तेओफिल सेरिगचा, जो आधी आयफेलचा भागीदार होता. आयफेलच्या कंपनीचा पूल थोडा वर आहे, मारिया पिया नावाचा रेल्वेचा पूल, १८७७ चा, आता बंद आहे. डॉम लुईसची कमान १७२ मीटरची एका झेपेत, खालून रस्ता आणि वरून मेट्रो जाते, आणि मेट्रोच्या रुळांच्या बाजूनेच आपण चालत जायचं. वरून चालत गायाला गेलात की पोर्टो कसं आहे ते पहिल्यांदा नीट कळतं, कारण पोर्टोत असताना पोर्टो दिसत नाही, ते समोरच्या काठावरून बघायचं. संध्याकाळी तिकडच्या बागेत सगळे पायऱ्यांवर, गवतावर बसलेले असतात, कोणी गिटार वाजवतं, समोर ऊन कॅथेड्रलवरून खाली खाली सरकत जातं. तास दीड तास ठेवाच त्यासाठी.

अजून एक, साओ बेंतो स्टेशन. गाडी नसली तरी जा. आतल्या हॉलच्या भिंती निळ्या पांढऱ्या टाइल्सनी भरल्यात, वीस हजारांच्या आसपास टाइल्स, लढाया, राजे, १४१५ ची सेउता शहरावरची स्वारी, आणि बाजूला पाणचक्की, जत्रा, द्राक्षाची तोडणी असं सगळं गावाकडचं पण. चित्रकार जॉर्ज कोलासो. आणि हाच माणूस आपल्या पणजीत पण आहे! मांडवीजवळ मेनेझिस ब्रागांझा इन्स्टिट्यूट आहे ना, तिच्या प्रवेशद्वारात ज्या निळ्या टाइल्स आहेत, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग असलेल्या, त्या १९३५ च्या, कोलासोच्याच. गोव्याला गेल्यावर आपण तिथून किती वेळा जातो, आत डोकावत नाही. आता गेलात तर नक्की डोकवा.

आता वाईन. गायाच्या उतारावर सगळी सेलर्स आहेत, तिकडचे लोक लॉज म्हणतात त्यांना, लांबलचक कौलारू छपरं आणि वर मोठी मोठी नावं. टेलर्स, ग्रॅहम्स, क्रॉफ्ट, सँडमन, म्हणजे निम्मी नावं इंग्रज. कारण साधं आहे, इंग्लंडचं फ्रान्सशी वाकडं होतं, फ्रेंच वाईन मिळायची मारामार, मग १७०३ च्या मेथ्युएन करारात इंग्लंडने पोर्तुगीज वाईनवर कर कमी केला आणि इंग्रज व्यापारी इकडे येऊन बसले. बोटीच्या प्रवासात वाईन टिकावी म्हणून तिच्यात थोडं स्पिरिट घालायला लागले, आणि त्यातूनच पुढे आजची पोर्ट तयार झाली. फेरेरा, रामोस पिंटो अशी पोर्तुगीज घराणी पण आहेत, तिकडे जरूर जा.

आत शिरलं की एकदम गार, अंधार, ओलसर, आणि वास! लाकूड, मनुका, थोडं मध असं काहीतरी. ओकची काळपट पिंपं ओळीने. लॉज गायाला का, तर उतार उत्तरेकडे तोंड करून आहे म्हणून ऊन कमी, समुद्राची दमट हवा, आणि शिवाय पूर्वी पोर्टोच्या बिशपचा कर चुकवता यायचा. १९८६ पर्यंत तर कायदाच होता की पोर्ट बाहेर पाठवायची तर गायातूनच, आता शेतावरून थेट पाठवता येते.

गाइड मुलीने हिशोब फार छान समजावला. द्राक्षाचा रस आंबायला लागला की दोन तीन दिवसांतच, म्हणजे निम्मी साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाचं ७७ टक्क्यांचं स्पिरिट ओततात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर स्पिरिट, झालं ५५० लिटरचं एक पिंप. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड पण आणि कडक पण, १९ ते २२ टक्के. गोव्याहून येताना आपल्याकडे सगळे जी स्वस्त गोड पोर्ट वाईन आणतात ती मलाही लहानपणापासून बघून माहीत, पण ही वेगळीच चीज आहे, युरोपात तर ठरवून दिलेल्या डोरो खोऱ्याबाहेरच्या वाईनला पोर्ट म्हणायलाच बंदी आहे.

चाखायला आधी रूबी देतात, लालभडक, ताज्या फळाची. मग टॉनी, ती पिंपात वर्षानुवर्षं राहून हवा लागून लागून तांबूस होते, दहा, वीस, तीस, चाळीस वर्षांची. मला वीस वर्षांची टॉनी सगळ्यात आवडली. अक्रोड, अंजीर, संत्र्याची साल, आणि गिळल्यावर पण कितीतरी वेळ तोंडात राहते. व्हिंटेज ही तिसरी, फक्त चांगल्या वर्षीच जाहीर करतात, दोन तीन वर्षांत पिंपातून बाटलीत आणि मग बाटलीतच पुढे कित्येक वर्षं. जुन्या बाटलीचं बूच भुसभुशीत झालेलं असतं, ओढलं तर तुटतं, म्हणून चिमटा लालबुंद तापवून बाटलीच्या गळ्याला लावतात, वरून गार ओलं फडकं, आणि काच टक्कन सरळ रेषेत निघून येते. हे डोळ्यासमोर बघितलं मी.

आणि इथेच बरेच जण थांबतात, फोटो, बाटली, एअरपोर्ट. कृपा करून थांबू नका.

साओ बेंतोहूनच डोरो लाइनची गाडी असते, खोऱ्यातल्या पिन्याव गावापर्यंत अडीच तास धरा. जाताना उजवीकडची खिडकी पकडा. सुरुवातीला नुसती उपनगरं आणि झाडी, पण मग गाडी नदीला येऊन भिडते आणि रेग्वा गावाच्या पुढे तर इतकी जवळ की खिडकीतून खाली बघितलं तर रूळ न दिसता पाणीच दिसतं. आणि दोन्ही बाजूंना डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्या केलेले. अख्खे डोंगर! दगडावर दगड रचून गडगे, चुना नाही सिमेंट नाही, प्रत्येक पायरीवर द्राक्षाची एक नाहीतर दोन ओळी. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबरचा शेवट होता, तोडणी चालू, उतारावर मुंगीएवढी माणसं दिसायची. पिन्याव स्टेशनवर पण टाइल्सची चित्रं आहेत, सगळी तोडणीची आणि नदीची.

तिथून एका छोट्या शेतकऱ्याच्या बागेत गेलो, वयस्कर काका आणि त्यांची मुलगी, ती इंग्लिश बोलायची. मी आधी खाली वाकून माती उचलली, तर माती नाहीच हातात, शिस्ट नावाचा दगड, पापुद्र्या पापुद्र्याचा, चपटे तुकडे, उन्हाने हाताला चटका बसेल इतके तापलेले. मुलगी म्हणाली की ह्या दगडाला उभ्या चिरा असतात, मुळं त्यातून खोल खोल पाण्यापर्यंत जातात, आणि दिवसा तापलेला दगड रात्री झाडाला ऊब देतो. तिकडे म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

मी लगेच दादाला व्हिडिओ कॉल लावला, आपल्याकडे रात्र झाली होती पण त्याला झोप कुठली.

"दादा, बघ, हे बघ."

"अगं कॅमेरा खाली कर, बुंधा दाखव. मांडव कुठाय?"

"मांडव नाहीये. बुटकीच झाडं आहेत, कमरेएवढी."

"आणि ड्रिप?"

"ड्रिप पण नाही, पाऊस पडेल तो."

थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "एका झाडाला घड किती?" मी मोजून दाखवले, अगदी मोजकेच, मणी बारीक, जाड सालीचे, काळेनिळे. मी एक मणी तोंडात टाकला तर साल चावायला लागली, बिया, पण गोडी अशी की दोन्ही बोटं चिकट. दादा म्हणे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, विचार, छाटणी विचार. मुलगी म्हणाली छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे दोन, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, कारण आपल्याकडे झाड झोपतच नाही, तिकडे थंडीत पानं गळून झाड झोपतं. हे मी काकांना सांगितलं आणि मुलीने भाषांतर केल्यावर ते इतके चकित झाले की दोनदा विचारलं, वर्षातून दोनदा? मग त्यांनी फोन हातात घेऊन दादाला त्यांची कात्री दाखवली आणि दादाने उठून आपली आणून दाखवली. भाषा कोणालाच येत नव्हती पण दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

परत येताना वरच्या अंगाला काही डोंगर दिसले जिथे गडगे आहेत पण द्राक्षं नाहीत, नुसती झुडपं आणि मधेच ऑलिव्हची झाडं. मोर्तोरियो म्हणतात त्यांना. १८६० नंतर फिलोक्सेरा नावाची कीड आली, मुळांना लागणारी, आणि बागाच्या बागा गेल्या. उपाय शेवटी सापडला तो कलमाचा, अमेरिकन द्राक्षाच्या मुळावर आपल्या जातीचं कलम, कारण त्या मुळांना कीड फार काही करू शकत नाही. आपण नाशिकला डॉगरिजवर कलम करतो ते पण अमेरिकन मूळच, आपल्याकडे कारण क्षाराचं आणि पाण्याच्या ताणाचं, पण विद्या तीच. काही शेतकऱ्यांनी नव्याने लावलं, काहींच्यात तेवढा दम उरला नव्हता, त्यांचे डोंगर तसेच राहिले ते आजपर्यंत. ते रिकामे गडगे बघून माझ्या पोटात तुटलं, कारण गारपिटीनंतर बाग तोडणारे लोक मी आमच्या गावात बघितलेत.

त्या काळातली एक बाई मला फार भावली, दोना अँटोनिया फेरेरा. १८११ चा जन्म, तेहतिसाव्या वर्षी विधवा झाली, आणि मग अख्खा धंदा हातात घेतला, बागा वाढवल्या, किडीच्या दिवसांत माणसांना काम दिलं, खोऱ्यात अजूनही प्रेमाने फेरेरिन्या म्हणतात तिला. १८६१ मध्ये ती आणि बॅरन फॉरेस्टर, ज्याने या नदीचे नकाशे काढले, एकाच बोटीत होते, वालेइरा नावाच्या धोक्याच्या जागी बोट उलटली. फॉरेस्टर बुडाला, ती वाचली. लोक सांगतात तिच्या घेरदार झग्यामुळे ती तरंगली. तेव्हा पिंपं नदीतूनच खाली जायची, राबेलो बोटींतून, सपाट तळाच्या, मागे लांबच लांब वल्हं सुकाणूसारखं. खाली येताना खडक आणि धबधबे, वर जाताना शीड नाहीतर काठावरून बैलांनी दोरीने ओढायचं. मग रेल्वे आली, धरणं झाली, नदी शांत झाली. आता गायाला काठावर ज्या सुंदर बोटी पिंपं घेऊन उभ्या दिसतात त्या शोभेच्या आहेत, पण त्यांच्यामागे किती माणसं गेली आहेत ते ध्यानात असू द्या.

रस्त्यात एका ठिकाणी ग्रॅनाइटचा खांब बघायला मिळाला, वर फेइतोरिया असं कोरलेलं. हा हद्दीचा दगड. १७५६ साली पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबालने कंपनी काढली आणि कुठल्या जमिनीवरची चांगली वाईन ते दगड रोवून ठरवलं, कारण व्यापारी वाईनमध्ये एल्डरबेरीचा रस घालून रंग चढवत होते आणि नाव खराब होत होतं. त्याने ती झुडपंच उपटायला लावली. पण त्या कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ ला पोर्टोत लोक रस्त्यावर आले तेव्हा बऱ्याच जणांना फाशी पण दिली. शेतमालाचा दर्जा आणि दर कोणी ठरवायचा हे भांडण किती जुनं आहे बघा. आजही प्रत्येक बागेला जमीन, उतार, उंची बघून ग्रेड असते आणि दरवर्षी किती रसाची पोर्ट करायची त्याचा कोटा ठरतो, उरलेल्या द्राक्षाची साधी वाईन, तिला भाव कमी. काकांच्या मुलीने हे सांगताना आवाज बारीक केला होता. कोटा कमी आला की त्यांचं वर्ष गेलं. दादाला हे नंतर सांगितलं तर तो म्हणाला, त्यांना सांग आमच्याकडे तर कोटा पण नाही.

संध्याकाळी पाय देऊन द्राक्ष तुडवायचं बघितलं, दगडी हौदात, त्याला लागार म्हणतात. पहिले दोन तास अजिबात मजा नाही, सगळे खांद्याला खांदा लावून ओळीत, एकजण ओरडतो डावा उजवा आणि त्या तालावर हळूहळू पुढे सरकायचं, मांड्यांपर्यंत रसात. बी फुटली तर वाईन कडू होते, पायाने बी फुटत नाही, म्हणून अजून काही चांगल्या बागांत पाय वापरतात. मग कोणीतरी अकॉर्डियन काढलं, ओळ मोडली आणि नाच सुरू झाला. दिवसभर उतारावर तोडणी केलेलीच माणसं होती ती.

जाणार असाल तर काही गोष्टी. सेलर एकच करा, फार तर दोन, पण खोऱ्यात एक रात्र राहाच. बाटली घेताना मानेवरचं सरकारी सील बघा. टॉनी उघडल्यावर फ्रिजमध्ये काही आठवडे छान राहते, व्हिंटेज उघडली की एक दोन दिवसांत संपवायची, त्यामुळे घरी चारपाच पाहुणे असतील तेव्हाच उघडा. भारतात ड्युटी न भरता दोन लिटरच आणता येतात. पोर्टोचे लोक स्वतः उन्हाळ्यात पांढरी पोर्ट टॉनिक, बर्फ आणि लिंबू घालून पितात, ती काठावर बसून नक्की प्या. तोडणी बघायची तर सप्टेंबर, आणि शहराचा दंगा बघायचा तर २३ जूनची रात्र, साओ जुआव या संताच्या सणाची, तेव्हा सगळे रस्त्यावर, सार्डिन भाजतात, प्लास्टिकच्या हातोड्या एकमेकांच्या डोक्यावर मारतात, दारोदार तुळशीच्या जातीची छोटी रोपं, आणि दुसऱ्या दिवशी राबेलो बोटींची शर्यत. गोव्यात त्याच २४ जूनला सांजांवला विहिरीत उड्या मारतात, तोच हा संत. पुढच्या वेळी दादाला घेऊन जायचं आहे, पण तो म्हणतो जून नको, हिवाळ्यात जाऊ, त्याला त्या काकांची छाटणी बघायचीय.